नात्यांचा हिशेब न ठेवणारी पेटी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

नाती सांभाळायला मदत करणाऱ्या उपकरणांची आणि ॲपची माहिती आपल्या पुरवणीत अधूनमधून येते. कुणाला किती दिवसांत फोन केला नाही ते मोजणारं ॲप, जवळच्या माणसाचा निरोप आला की उजळणारा दिवा, घरातल्यांनी एकत्र किती वेळ घालवला ते दाखवणारा पडदा. हेतू सगळ्यांचा चांगला आहे. पण घरगुती वस्तूंचा आराखडा करणारे म्हणून आम्हाला यातल्या बहुतेकांत एकच खोट दिसते: ती मोजतात. मोजणी सुरू झाली की माणसाचा विचार मागे पडतो आणि थकबाकीचा पुढे येतो. ‘बावीस दिवस झाले’ असं वाचून फोन लावला जातो खरा, पण तो आकडा शून्यावर आणण्यासाठी. त्या माणसाशी आपलं सध्या कसं चाललं आहे, हा प्रश्न मनात यायच्या आतच काम उरकलेलं असतं.

हा प्रश्न मनात यावा आणि थोडा वेळ तिथे राहावा, एवढंच काम करणारी वस्तू घरी बनवता येते. तिला वीज लागत नाही. साधी सुतारकामाची हत्यारं असली की, गोंद आणि तेल वाळायचा वेळ सोडला तर, दोन सुट्टीचे दिवस पुरतात. तिची मापं, रीत आणि कुठे काय बिघडतं ते आपल्या वाचकांपर्यंत पोचावं म्हणून हे पत्र.

मुळात यासाठी वस्तू कशाला, असं कुणी विचारेल. मिहाय चिक्सेंटमिहाय आणि यूजीन रॉकबर्ग-हाल्टन या संशोधकांनी शिकागो परिसरातल्या ८२ कुटुंबांतल्या ३१५ जणांना ‘घरातल्या कोणत्या वस्तू तुम्हाला खास वाटतात आणि का’ असं विचारलं होतं. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात लोक वस्तूच्या किमतीपेक्षा आणि उपयोगापेक्षा तिच्याशी जोडलेल्या माणसांबद्दल आणि आठवणींबद्दल भरभरून बोलले. म्हणजे घरातल्या वस्तू हे काम आपसूक करतातच. अडचण एवढीच की रोज दिसणारी वस्तू काही आठवड्यांत दिसेनाशी होते. भिंतीवरच्या फोटोकडे आपण शेवटचं नीट कधी पाहिलं ते आठवत नाही. तेव्हा वस्तू अशी हवी की तिच्यात ठरावीक काळाने काहीतरी बदलेल, आणि तो बदल आपल्याच हातून होईल.

आमच्या आराखड्यात दोन खणांची एक छोटी लाकडी पेटी आहे आणि तिच्यात १६ कार्डं. पुढच्या खणात यायची कार्डं, मागच्या खणात होऊन गेलेली. दोन्ही खणांच्या मधल्या ठोकळ्याला वरून एक बारीक चीर. आठवड्यातून एकदा पुढचं एक कार्ड काढून चिरेत उभं करायचं. आठवडा संपला की पाठीमागे एक ओळ लिहून ते मागच्या खणात टाकायचं. पुढचा खण रिकामा झाला की पेटी फिरवायची. मागचा खण पुढे येतो आणि फेरी पुन्हा सुरू होते. पेटी दोन्ही बाजूंनी अगदी सारखी ठेवण्याचं कारण हेच.

१६ कार्डांपैकी १५ माणसांची, एक कोरं. हा १५ आकडा हवेतून आलेला नाही. मानसशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मांडलं की माणसाला साधारण दीडशे जणांशीच खरा संबंध राखता येतो; त्याच्या आत ५०, १५ आणि ५ अशी जवळीक वाढत जाणारी वर्तुळं त्यांनी पुढे दाखवली. हे आकडे किती काटेकोर यावर अभ्यासकांत वाद आहे, पण पेटीसाठी १५ सोयीचे ठरतात. पाचच नावं घेतली तर घरातलीच माणसं येतात आणि महिन्याभरात फेरी संपते. पन्नास घेतली तर एका माणसाची पाळी वर्षाने येते, आणि यादी भरण्यासाठी नुसत्या ओळखीची नावं घुसतात. कोऱ्या कार्डाचा आठवडा यादीत नसलेल्या माणसासाठी. ते कोण, हे त्या आठवड्यातच ठरू द्यावं.

आता कार्डांविषयी, कारण पेटी फसते ती बहुधा इथेच. कार्डाचं माप ए७, म्हणजे ७४ × १०५ मि.मी. ए४ कागद तीनदा निम्मा केला की आठ कार्डं होतात, म्हणून दोन कागद पुरतात. जाडी २५० जीएसएमच्या (एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) आसपास. त्याहून पातळ कार्ड चिरेत उभं राहत नाही, माना टाकतं. कागद आम्लरहित घ्यावा, नाहीतर थोड्या वर्षांत पिवळा पडून ठिसूळ होतो. लॅमिनेशन नको, त्याच्यावर लिहिता येत नाही.

एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. कागदाच्या तंतूंना दिशा असते, आणि कार्ड ताठ उभं राहायला तंतू उभे हवेत. ए४ चे कागद बहुधा लांबीच्या दिशेने तंतू असलेले मिळतात. ते वरच्या रीतीने कापले की ७४ मि.मी.ची बाजू त्या लांबीवर येते आणि प्रत्येक कार्डाचे तंतू आडवे होतात. असं कार्ड दमट हवेत वरून पुढे कलंडतं. ओळखायची खूण सोपी आहे: कागद न मोडता दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून पाहावा. ज्या दिशेने तो सहज वाकतो, त्या वाकाच्या रेषेला तंतू समांतर असतात. तंतू लांबीत निघाले तर मोठा ताव घेऊन त्यातून कार्डं हव्या दिशेने कापावीत.

लिहायला पेन्सिल, एचबी किंवा २बी. ग्राफाइट म्हणजे कार्बन. तो उजेडाने उडत नाही. बॉलपेनची आणि बऱ्याच जेलपेनांची शाई उन्हात फिकी होत जाते.

नाव कुठे लिहायचं? आम्ही ते कार्डाच्या तळाशी, खालच्या १२ मि.मी.च्या पट्टीत लिहायला सांगतो. चीर १५ मि.मी. खोल असल्यामुळे कार्ड उभं केलं की नाव चिरेत लपतं, आणि खणातही ते खालीच राहतं. वर दिसते ती फक्त त्या माणसासाठी काढलेली खूण: रंगाचा एक ठिपका, दोन रेघा, दाबून वाळवलेलं पान, चिकटवलेला दोऱ्याचा तुकडा. नाव उघडं ठेवलं तर घरी आलेला माणूस ते वाचतो आणि ‘माझं कार्ड कुठे आहे’ असं विचारतो. मग कार्डं पाहुण्यांना वाईट वाटू नये अशा बेताने भरली जातात. शिवाय खूण पाहून नाव आपलं आपल्याला आठवावं लागतं, आणि त्या क्षणभरात विचाराला सुरुवात होते.

पाठीमागे वरचे ३० मि.मी. प्रश्नासाठी सोडून खाली ८ मि.मी. अंतराने नऊ रेघा बसतात. दर फेरीला एक ओळ. १६ आठवड्यांची एक फेरी धरली तर कार्ड १४४ आठवड्यांनी, म्हणजे पावणेतीन वर्षांनी भरतं. तारीख मात्र लिहू नये. तारीख आली की मधला खाडा दिसतो, आणि पुन्हा थकबाकी सुरू होते.

प्रश्न काय लिहावा, यावर आम्ही सर्वांत जास्त वेळ घालवतो. ‘तिच्याशी माझं बरं चाललं आहे का?’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणून मोकळं होता येतं. ‘तो असा का वागतो?’ यात आपण न्यायाधीश होतो आणि समोरचा आरोपी. ‘का’ने सुरू होणारे प्रश्न शक्यतो टाळावेत, ‘काय’, ‘कधी’, ‘कोणतं’ यांनी सुरू होणारे बरे. जपानमध्ये इशिन योशिमोतो यांनी विसाव्या शतकाच्या मध्यात ‘नाइकान’ नावाची आत्मपरीक्षणाची पद्धत घडवली. तिच्यात एकेका माणसाबद्दल तीनच प्रश्न असतात: या माणसाकडून मला काय मिळालं, मी त्याला काय दिलं, माझ्यामुळे त्याला काय त्रास झाला. ‘त्याने मला काय त्रास दिला’ हा चौथा प्रश्न मुद्दाम गाळलेला आहे, कारण त्याचं उत्तर प्रत्येकाकडे तयारच असतं. मूळ पद्धतीत माणूस आठवडाभर पडद्याआड बसून हेच करतो. आमच्या पेटीत त्यातला एकच प्रश्न एका फेरीला घ्यावा आणि उत्तर प्रसंगाच्या रूपात लिहावं. ‘तिने नेहमीच साथ दिली’ ही ओळ काही सांगत नाही. ‘मुलाखतीच्या आदल्या रात्री तिने माझ्या शर्टाचं बटण लावून दिलं’ ही ओळ पुढच्या फेरीत वाचली की पुष्कळ काही परत येतं. एका ओळीत मावत नसेल तर बोलायचं पुष्कळ आहे. ते कार्डावर न लिहिता त्या माणसालाच सांगावं.

आता पेटी. लागणारे भाग असे: बाजूच्या दोन फळ्या ७८ × ७० × ९ मि.मी., पुढची आणि मागची अशा दोन फळ्या ८४ × ७० × ९, मधला ठोकळा ८४ × ७० × २०, आणि तळाला १०२ × ७८ × ९ मि.मी.चा प्लायवुडचा तुकडा. फळ्या आणि ठोकळा भरीव लाकडाचे, रेषा आडव्या. उंचीत सगळे सारखेच फुगतात-आकसतात, म्हणून सांधे तडकत नाहीत. एकाच तुकड्याच्या रेषा उभ्या बसवल्या तर वर्षभरात तिथे फट पडते. लाकूड नीट वाळलेलं हवं, ओलावा ८ ते १२ टक्के. ओलावा मोजायचं यंत्र नसेल तर कापलेले तुकडे घरातच ठेवून दर दोन दिवसांनी वजन करावं आणि वजन उतरायचं थांबलं की काम सुरू करावं. तळाला प्लायवुडच का, तर ते आडवं-उभं फारसं हलत नाही. एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) घेऊ नये, ओल लागली की त्याच्या कडा फुगून भुसा होतात.

पहिलं काम चिरेचं. जोडणीनंतर बाजूच्या फळ्या आड येतात आणि करवत चालत नाही, म्हणून ठोकळा सुटा असतानाच वरच्या तोंडाच्या मधोमध, पूर्ण ८४ मि.मी. लांबीत, १५ मि.मी. खोल चीर पाडावी. पातळ पात्याची हातकरवत जेमतेम १ मि.मी. रुंद चीर पाडते, तेवढीच हवी. यंत्राच्या गोल करवतीची चीर सुमारे ३ मि.मी. रुंद होते. तिच्यात ०.३ मि.मी. जाडीचं कार्ड जवळपास दहा अंश कलतं, ते कधी पुढे तर कधी मागे. रोज पाहायच्या वस्तूत असा डळमळीतपणा खपत नाही. चिरेच्या आतले धागे घडी घातलेल्या पॉलिश पेपरने काढून टाकावेत, नाहीतर तळाशी लिहिलेलं नाव घासून पुसट होतं.

ठोकळ्याची टोकं बाजूच्या फळ्यांना नुसत्या गोंदाने धरत नाहीत. लाकडाचं आडछेदाचं तोंड गोंद पिऊन टाकतं आणि सांधा कच्चा राहतो. म्हणून प्रत्येक टोकाला ६ मि.मी.च्या दोन खुंट्या, वरच्या कडेपासून ३० आणि ५५ मि.मी.वर. त्याहून फार वर घेतल्या तर खुंटी चिरेला भिडते. भोक फळीतून आरपार ९ आणि ठोकळ्यात १८ मि.मी.; खुंटी ठोकळ्यात १६ मि.मी.च जावी, उरलेल्या जागेत जादा गोंद मावतो. कोपऱ्यांना ४ मि.मी.च्या दोन-दोन खुंट्या पुरतात. सगळं आधी कोरडं जुळवून दोन्ही खणांत कार्डं घालून पाहावीत. खण ८४ × २० मि.मी.चा, कार्ड ७४ चं. दोन्ही बाजूंना ५ मि.मी. मोकळे राहतात आणि कार्ड वर ३५ मि.मी. दिसतं, म्हणजे चिमटीत सहज येतं. मग सुतारकामाचा पांढरा गोंद लावून शिकंज्यात तासभर आवळावं आणि चोवीस तास हात लावू नये. बाहेर आलेला गोंद ओला असतानाच ओल्या फडक्याने पुसावा. वाळला तर तिथे तेल मुरत नाही आणि पांढुरका डाग कायमचा राहतो. सागासारखं अंगचंच तेलकट लाकूड असेल तर ताज्या रंधलेल्या तोंडावरच गोंद लावावा.

एवढी पेटी पाव किलोच्या आसपासच भरते, आणि एका हाताने कार्ड ओढलं की सोबत सरकते. म्हणून तळाला खालून ५ मि.मी. खोल खाच पाडून ८० × ६० × ५ मि.मी.ची लोखंडी पट्टी बसवावी, साधारण १९० ग्रॅमची. तिच्यावर बुचाचा पातळ तुकडा चिकटवला की टेबलावर ओरखडेही येत नाहीत. ही पट्टी अनेक जण अनावश्यक समजून गाळतात. आमच्या मते ती गाळू नये. वस्तू हाताला जड लागली की हात आपोआप सावकाश होतो.

पॉलिश पेपर १२०, १८०, २४० या क्रमाने. मग ओल्या फडक्याने पुसून वाळू द्यावं, वर आलेले धागे पुन्हा २४० ने काढावेत. कडा २ मि.मी. गोल. बाहेरून जवसाच्या तेलाचे दोन-तीन पातळ हात, प्रत्येकात किमान एक दिवसाचं अंतर. खणांच्या आत तेल लावू नये: बंदिस्त जागेत त्याचा वास महिनोन्‌महिने जात नाही आणि कार्डांना डाग पडतात. आतून लाखेचं पॉलिश बरं. आणि एक सक्त सूचना: जवसाच्या तेलाची फडकी चुरगळून टोपलीत टाकू नयेत. तेल वाळताना तापतं आणि गोळा झालेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. ती मोकळ्यावर पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून मग टाकावीत.

पेटी कुठे ठेवायची? जिथे दिवसातून एकदा तरी पाच मिनिटं शांत बसणं होतं तिथे, ७०० ते ७५० मि.मी. उंचीच्या टेबलावर, थेट उन्हापासून आणि ओलीपासून दूर, भिंतीपासून चार बोटं अंतर राखून, कार्डाची लिहिलेली बाजू भिंतीकडे. उशाशी नको. रात्री पडल्यापडल्या नात्यांचा विचार सुरू झाला की साध्या गोष्टीही अक्राळविक्राळ होतात.

आठवडा चुकला तर काय? काहीच नाही. आहे ते कार्ड आणखी राहील. पेटीला ते कळत नाही आणि ती ते सांगत नाही. हा गुण तिच्यात आम्ही जाणीवपूर्वक ठेवला आहे. रोज एक कार्ड असा नेम काही जण धरतात. तो महिनाभरही टिकत नाही, कारण रोजचं झालं की ते काम होतं.

काही नाजूक बाबी. गेलेल्या माणसाचं कार्ड काढून टाकायची गरज नाही. नाइकानचे प्रश्न त्यांच्याबाबतही तितकेच लागू पडतात. मात्र ज्या माणसाने मारहाण केली, धाक घातला, छळलं, त्याचं कार्ड पेटीत ठेवू नये. ‘माझ्यामुळे त्याला काय त्रास झाला’ हा प्रश्न अशा नात्यात घातक आहे. तो पीडित माणसालाच दोषी ठरवतो. तिथे मदत जाणत्या माणसांची आणि कायद्याची हवी. घरात एकापेक्षा जास्त जण पेटी वापरत असतील तर प्रत्येकाची वेगळी असावी. एकाच पेटीत सगळ्यांची कार्डं ठेवली की लिहिताना दुसऱ्याच्या नजरेचं भान येतं आणि ओळी गुळगुळीत होतात.

विजेवर चालणाऱ्या वस्तू या कामाला अजिबात नकोत असं आमचं म्हणणं नाही. संशोधक विल्यम ओडम आणि सहकाऱ्यांनी ओकच्या लाकडाची एक पेटी बनवली होती. मालकाच्या ऑनलाइन फोटोंमधून महिन्याला चार-पाच फोटो ती स्वतःच निवडून, तिच्या मर्जीने केव्हातरी छापायची. तीन घरांत ती १४ महिने ठेवली. सुरुवातीला लोक वैतागले, कारण पुढचा फोटो कधी आणि कोणता हे त्यांच्या हातात नव्हतं. पुढे ते सरावले आणि वाट पाहू लागले. यातून घेण्यासारखं आहे ते तिचं संथपण, छापायचं यंत्र नव्हे. बॅटरी, चार्जर, कुणाच्या तरी सर्व्हरवर अवलंबून असलेली सेवा यांतलं काहीही बंद पडलं की वस्तू मुकी होते. ज्या वस्तूने नात्याइतकं टिकावं अशी अपेक्षा आहे, तिच्यात हे जेवढं कमी तेवढं बरं.

अभिकल्पाच्या (डिझाइनच्या) विद्यार्थ्यांनी ही पेटी आहे तशी न घेता सुधारून पाहावी. लाकडाला हात लावण्याआधी ३ मि.मी. पुठ्ठ्याचा नमुना करून चार-पाच घरांत निदान एक पूर्ण फेरी, म्हणजे १६ आठवडे ठेवावा. शेवटी ‘आवडली का’ असं विचारण्यात अर्थ नाही, लोक भिडेने ‘हो’ म्हणतात. कार्डांचे वरचे कोपरे पाहावेत. चिमटीत धरलेला कोपरा मळतो, मऊ होतो, त्याचे तंतू किंचित सुटतात. न काढलेल्या कार्डाचा कोपरा कोरा करकरीत राहतो. चिरेत धूळ साठली असेल तर ती बरेच दिवस रिकामी होती. आणि पाठीमागच्या ओळी मात्र मागू नयेत, कुणी आपणहून दाखवल्या तरच वाचाव्यात.

आपल्याला विनंती अशी की या पेटीच्या भागांची आकृती आणि कार्डाचा नमुना पुरवणीत छापावा. तो आम्ही विनामूल्य देऊ. छापताना पानाच्या सोयीसाठी आकृती लहान-मोठी होते आणि मग ७४ मि.मी.चं कार्ड ७० चं निघतं, म्हणून शेजारी बरोबर ५० मि.मी. लांबीची एक रेघ छापून ‘आधी ही पट्टीने मोजा’ असं लिहावं.

आपले,
गृहोपयोगी वस्तूंच्या अभिकल्पाचं काम करणारे काही वाचक